मागच्या सीटवर कोण बसणार?

ता. ४ सप्टेंबर

प्रिय टिल्ले,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील, वेळेवर जेवत असशील आणि लोकांच्या कवळ्या घडवता घडवता स्वतःच्या डोळ्यांची वाट लावत नसशील, असं धरून चालते. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, आई मात्र हल्ली कुरकुरत नाही. ड्रायव्हिंग स्कूल नेहमीसारखं चाललंय. सकाळच्या शिकवण्या माझ्या, दुपारच्या तुझ्या भाऊजींच्या. सध्या माझ्याकडे बँकेतल्या एक बाई येतात. गाडी सुरू झाली की त्या बंद पडतात. बाकी स्वभावाने चांगल्या.

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशीलच. फोनवर तू हसतेस आणि विषय बदलतेस. शिवाय मी फोन करते तेव्हा तुझे भाऊजी घरात असतात, आणि जे सांगायचंय ते त्यांच्याबद्दलच आहे.

त्यांना गाडी घ्यायची आहे. सेकंडहँड, पण स्पोर्टी. हा शब्द त्यांचा. ज्या माणसाने जन्मभर शिकाऊ लोकांना "हळू, हळू, अजून हळू" एवढंच सांगितलं, त्याला पन्नाशी उलटल्यावर जमिनीला चिकटून पळणारी गाडी हवी आहे. हौस म्हणून मी सोडूनही दिलं असतं. पण अट ऐक. मागे दोन माणसं ऐसपैस बसली पाहिजेत. आमच्या घरात माणसं दोन, आणि दोघंही पुढे बसणारी. मग मागे कोण?

विचारलं तर म्हणाले, "असू दे गं. माणसं काय, मिळतात."

हे ऐकलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. तुला माहीत आहे, संशय हा माझा धंदाच आहे. समोरचा चुकणार, बाजूचा आडवा येणार आणि आपल्या गाडीतला शिकाऊ घाबरून नको तो पेडल दाबणार, असं धरून मी रोज शेजारच्या सीटवर जादा ब्रेकवर पाय ठेवून बसते. घरी आल्यावर तो पाय काढून ठेवता येत नाही.

जुन्या गाड्यांचा जो व्यापारी आहे त्याला मी गोडबोल्या म्हणते. बोलताना मध टपकतो. त्याने आधी एक चांदीच्या रंगाची, दोन दारांची दाखवली. दिसायला देखणी. मागची सीट बघून मी म्हटलं, "इथे भाजीची पिशवी बसेल, तीही पाय पोटाशी घेऊन." मग एक काळी. मीटर सांगत होता की गाडी फारशी पळलेलीच नाही, पण ब्रेकच्या पेडलवरचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं. मी विचारलं, "ही काय नुसती जागेवर उभी राहून ब्रेक मारत होती?" गोडबोल्या हसला. मग एक लाल. आत सुगंधाचा असा भपकारा की डोकं धरलं. मी सरळ पायाखालचं कार्पेट उचललं. खाली ओल. गाडी पाण्यात बुडून आलेली होती आणि हा तिला अत्तर लावून उभी करतो!

आणि एवढा वेळ तुझे भाऊजी काय करत होते? इंजिन बघितलं नाही, टायर बघितले नाहीत. प्रत्येक गाडीत आधी मागच्या सीटवर जाऊन बसायचे. गुडघा आणि पुढची सीट यांच्यामध्ये वीत लावायचे. मग पुढे सरकून, पाय लांब करून, आपण आहोत त्याहून उंच असल्यासारखे बसायचे आणि पुन्हा वीत लावायचे. कुणासाठी हे? मागे बसणारं माणूस लांब पायांचं आहे, इतकं मी ओळखलं. पुढे ते ताकास तूर लागू देत नाहीत.

शेवटी एक पसंत पडली. चार दारांची, ठेंगणी, मागे खरंच पाय पसरता येतील अशी. मी खोड काढायला बसले आणि मला खोड सापडली नाही, हेच मला खटकलं. गोडबोल्याची बायको आमच्याकडे शिकली, म्हणून त्याने आठवडाभर वापरून बघायला दिली आहे.

आता मुख्य गोष्ट. शुक्रवारी सकाळी मी त्या गाडीत चालवायच्या जागी बसायला गेले, तर गुडघे स्टिअरिंगवर आपटले. सीट पार पुढे ओढलेली. आतला आरसा खाली झुकवलेला, त्यात मला माझी हनुवटी दिसत होती. शिकाऊ माणूस उतरून गेला की सीट आणि आरसा त्याची उंची सांगतात, हे मला कुणी शिकवायला नको. कुणीतरी बुटकं माणूस ती गाडी चालवून गेलं होतं. मी विचारलं, "कुणी चालवली?" ते म्हणाले, "कुणी नाही." आणि त्यांचे कान लाल झाले. त्यांना खोटं बोलता येत नाही, तरी बोलले.

म्हणजे चालवणारी बुटकी, मागे बसणारी लांब. बाई, एक का दोन?

अजून एक. रविवारी आईकडे गेले तर बाबांचा कॅमेऱ्यांचा पेटारा जागेवर नव्हता. तुला आठवतं ना, बाबा कुठेही फोटो काढायला निघाले आणि आपण सोबत असलो, की पुढच्या सीटवर पेटारा, त्याला पट्टासुद्धा लावलेला, आणि आई आपल्या दोघींच्या मध्ये मागे कोंबलेली. बाबा गेल्यापासून आईने त्याला हात लावू दिला नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, "साफ करायला दिलाय." आणि चहा ठेवायला उठली. कुठेतरी पाणी मुरतंय, टिल्ले. सगळीकडेच मुरतंय.

तुला यातलं काही माहीत आहे का? तुझे भाऊजी तुझ्याशी कधी काही बोलतात का? सहज विचारते.

तुझी,
ताई


ता. १५ सप्टेंबर

टिल्ली,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. मी चार पानं लिहिली होती.

तू लिहितेस, "ताई, उगाच साप साप म्हणून भुई धोपटू नकोस. हिरवी छान आहे, घेऊन टाका." मी ते वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं आणि मग खाली बसले. पत्र पाकिटात घालण्याआधी मी ते नीट वाचून काढते, ही माझी सवय तुला ठाऊक आहे. चांदीच्या, काळ्या आणि लाल गाडीचा रंग मी तुला कळवला होता. चौथीचा कळवला नव्हता. ती हिरवी आहे हे तुला कुणी सांगितलं?

मी उत्तर शोधत बसले नाही, ते आपोआप समोर येत गेलं. सोमवारी तुझ्या भाऊजींचा फोन वाजला, वर तुझं नाव होतं. ते फोन घेऊन बाल्कनीत गेले आणि दार ओढून घेतलं. आत आल्यावर म्हणाले, राँग नंबर. गाडी अजून आमच्या दारात उभी आहे, आठवडा उलटला तरी परत गेलेली नाही. दर गुरुवारी दुपारच्या शिकवण्या त्यांनी बंद केल्यात. आणि तुझ्या लॅबला सुट्टी कधी? गुरुवारी. आगगाडीने यायला दोन तास लागतात. डिकीत एक नवी, जाडजूड उशी सापडली. गाडी शिकताना उशीवर बसणारी आपल्या घरात एकच होती.

तुला मी शिकवायला घेतलं होतं ते आठवतं? थोडे दिवसच. मी ओरडले, तू रडत उतरलीस आणि मग तुला यांनी शिकवलं. तुम्ही दोघं रोज हसत परत यायचात. जिन्यातून तुमचं हसणं वर यायचं आणि मी स्वयंपाकघरात भांडी घासत असायचे. मला ते टोचायचं. इतकी वर्षं बोलले नाही, कारण बोलण्यासारखं काही नव्हतं. निदान नव्हतं असं मी समजत होते.

बाबांचा पेटाराही तूच नेलास का? आईला काय सांगून नेलास?

मागे बसणारं लांब पायांचं माणूस कोण, ते मला अजून उलगडलेलं नाही. पण पुढचं बुटकं माणूस मला कळलं. तुझी उंची मी ओळखणार नाही असं तुम्हाला वाटलं तरी कसं? तुझ्या शाळेच्या गणवेशाची शिवण मी उसवून द्यायचे. दरवर्षी उसवावी लागायचीसुद्धा नाही.

तू एकटी राहायला लागलीस तेव्हापासून मला तुझी काळजी वाटायची. आता तुझी भीती वाटते.

या महिन्याच्या शेवटी तू इकडे येणार होतीस. येऊ नकोस. यांना मी अजून काही विचारलेलं नाही. विचारलं की माझं घर मोडेल, आणि ते कुणाच्या हाताने मोडलं हे आधी मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आहे.

ताई


ता. २१ सप्टेंबर

माझ्या टिल्ले,

आशीर्वाद कुठल्या तोंडाने लिहू? तुझा फोन लागतो, तू उचलत नाहीस. बरोबर आहे. मीही उचलला नसता. म्हणून लिहिते. पाकीट न फोडता टाकून दिलंस तरी माझं लिहून झालेलं असेल.

काल गुरुवार. बँकेतल्या बाईंची सकाळची शिकवणी मी मुद्दाम दुपारवर ढकलली. तुझे भाऊजी "गोडबोल्याकडे जाऊन येतो" म्हणून हिरवी गाडी घेऊन निघाले, आणि मी बाईंना म्हटलं, "आज त्या पुढच्या गाडीच्या मागे मागे जायचं. अंतर ठेवून."

"का हो?"

"अभ्यासक्रमात आहे."

त्या दिवशी बाई एकदाही बंद पडल्या नाहीत. कुणाचा पाठलाग करायचा म्हटल्यावर त्यांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. आयुष्यात पहिल्यांदा चौथ्या गियरला गेल्या. गोडबोल्याचं दुकान उजवीकडे राहिलं आणि हिरवी गाडी सरळ गेली. मी म्हटलं, झालं, हाच तो क्षण. स्टेशनकडे वळणार, तुला घेणार. मी पुढे वाकून बघत होते. पण ऐन चौकात सिग्नल पिवळा झाला आणि बाईंनी नियमाने गाडी थांबवली. मीच शिकवलं होतं. पहिल्यांदा स्वतःच्या शिकवण्याचा राग आला.

शोधत शोधत स्टेडियमच्या मागे गेलो. सामना नसला की ते गाड्या लावायचं मैदान मोकळं असतं, नवशिक्यांना आम्ही तिथेच नेतो. हिरवी गाडी तिथे होती. खांबांच्या मधून वळणं घेत होती. तुझे भाऊजी शेजारच्या सीटवर. आणि चालवायच्या जागी स्टिअरिंगच्या वर फक्त एक कपाळ दिसत होतं.

मी उतरले. बाईंना सांगितलं, इथेच थांबा. त्या म्हणाल्या, "मी येऊ का सोबत?" त्यांनाही वास लागला होता. मी त्या गाडीच्या सरळ वाटेत जाऊन उभी राहिले. माझं घर माझ्या अंगावर चालून येत होतं, आणि ते कोण चालवतंय हे मला बघायचं होतं. गाडी आली, माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. झटका नाही, काही नाही. काच खाली झाली.

"थांब," आई म्हणाली. "आधी हँडब्रेक ओढू दे, मग ओरड."

मी ओरडले नाही. मी बॉनेटवर हात ठेवून तशीच उभी राहिले आणि मला रडू कोसळलं. आईला वाटलं, तिला गाडी चालवताना बघून मी घाबरले. म्हणाली, "अगं, लागली नाही ना तुला? मी आधीच ब्रेक दाबला होता."

तुझी उंची तू आईकडून घेतलीस. हे मी कसं विसरले? सीट पुढे, आरसा खाली, उशी, सगळं बरोबर ओळखलं आणि माणूस चुकले. कारण आई गाडी चालवेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आईला मी कायम मागे बसलेलंच बघितलंय.

एक गोष्ट मी तुला पहिल्या पत्रात लिहिली नव्हती. बाबा गेल्यावर आईने मला विचारलं होतं, "मला शिकवशील?" मी हसले होते. म्हटलं होतं, "या वयात कशाला? कुठे जायचं ते सांग, मी सोडते." तिने पुन्हा विषय काढला नाही. मी समजले, विसरली. ती विसरली नव्हती, तिने मास्तर बदलला होता.

काल मी तिला म्हटलं, "मला सांगायचं तरी."

"तुला सांगितलं असतं तर तू शिकवलं असतंस," ती म्हणाली. "आणि मग मी सोडून दिलं असतं."

तुझे भाऊजी काचेबाहेर बघत होते. कान लाल.

पेटारा तिने विकलाय. त्या पैशांत गाडीची बरीचशी किंमत निघाली, उरलेली तिच्या साठवणीतून. पुढच्या सीटवर पट्टा लावून बसायचा तो पेटारा! मी विचारलं, "पण स्पोर्टी कशाला गं? तुला साधी चालली नसती?" तर म्हणाली, "तुझ्या बाबांच्या गाडीत बसून मी सगळ्या जगाला पुढे जाऊ दिलं. आता मला एकदोघांच्या पुढे जायचंय." पुढच्या आठवड्यात तिची परीक्षा आहे. पास झाली की मला दारात गाडी आणून दाखवायची होती.

आणि मागची जागा. हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटते. मी म्हटलं, "मागे कोण बसणार होतं? कुणासाठी एवढी वीत लावत होता?" तुझे भाऊजी म्हणाले, "तुझ्यासाठी. आईंनी बजावलं होतं, थोरलीचे पाय लांब आहेत, तिचे गुडघे दुमडायला नकोत." दोन माणसं ऐसपैस. तू आणि मी. लांब पायांची बाई मीच होते, टिल्ले. सगळ्या गावावर संशय घेतला, एक स्वतःवर घेतला नाही.

अजून एक बघितलं मी. त्या गाडीत शेजारच्या सीटला ब्रेक नाही. जादा पेडल आमच्या शाळेच्या गाडीत असतात, हिच्यात कुठून असणार? आणि तुझे भाऊजी मांडीवर हात ठेवून स्वस्थ बसले होते. मी जन्मात अशी बसले नसते. माझ्या मनातल्या मनात तरी मी कुणाच्याही गाडीत ब्रेक दाबतच असते. तुझ्या बाबतीत तर इतक्या जोरात दाबला.

मग आईने सहज सांगितलं ते ऐकून मी पुन्हा खाली बसले. म्हणाली, "टिल्लीचा परवा फोन आला होता. विचारत होती, ताईला आता सांगून टाकायचं का? मी म्हटलं, नको, परीक्षा होऊ दे. तर बरं म्हणाली. आवाज बसलेला वाटला. सर्दी झालीय म्हणाली."

हिरवा रंग आणि तो राँग नंबर कुठून आले ते कळलं. पण परवा? म्हणजे माझं ते पत्र तुझ्या हातात होतं. एका वाक्यात तू मला खोटं पाडू शकली असतीस. आईला वाचून दाखवू शकली असतीस, भाऊजींना सांगू शकली असतीस. तू आईला परवानगी मागितलीस, ती नाही म्हणाली, आणि तू सर्दीचं सांगून फोन ठेवलास. मी तुझ्यावर काय आळ घेतला हे आजही या घरात कुणाला माहीत नाही. तू माझीसुद्धा लाज राखलीस, आणि तीही मी तुला "येऊ नकोस" लिहिल्यावर.

मी यांना आज रात्री सगळं सांगणार आहे. आईला तू म्हणशील तर सांगेन. माफ कर असं लिहिलं तर ते फार सोपं होईल, म्हणून तेवढंच लिहून थांबत नाही. मी तुला विचारायला हवं होतं. चार पानं लिहिली, त्यात एक सरळ प्रश्न विचारला असता तरी पुरला असता. मी "सहज विचारते" लिहिलं आणि उत्तर आधीच ठरवून बसले.

काल घरी येताना बँकेतल्या बाईंनी शाळेची गाडी एकट्याने आणायची तयारी दाखवली, पण एवढं धाडस माझ्यात नाही. तुझे भाऊजी त्यांच्यासोबत गेले. पण त्याआधी आईने मैदानाला एक फेरी मारली, मला मागे बसवून. गुडघ्यापुढे वीतभर जागा उरली. पायाखाली काहीच नव्हतं, नुसतं कार्पेट, आणि माझा पाय ते दाबत होता. वळताना आईने इंडिकेटर उशिरा दिला. मी काही बोलले नाही. बोलले, पण हळू.

आई पास झाली, आणि ती होणार, कारण परीक्षकाला ती आधी हँडब्रेक ओढू दे म्हणेल, तर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही तुझ्याकडे येतोय. आई चालवणार, तुझे भाऊजी पुढे, मी मागे. माझ्या शेजारची जागा मोकळी असेल. आईला मी सांगितलंय, एकदाच हॉर्न द्यायचा. तू खाली आली नाहीस तर ती समजेल तुला बरं नाही, आणि मी समजेन ते मी समजेन. आम्ही मुकाट्याने परत येऊ. खिडकीतून नुसती दिसलीस तरी मला पुरेल.

आलीस तर माझ्याशी बोलायलाच हवं असं नाही. बसशील तेवढंच बघ. आपल्या मध्ये कोंबून बसायला आता आई नसेल, ती पुढे असेल.

मागच्या सीटवरून,
पाय उचलून ठेवलेली,
तुझी ताई